गल्ला द्यावा की भिडावं?

प्रश्न : मानेवाडा रोडवर माझं मेडिकल आहे. रात्री साडेअकरापर्यंत मी आणि एक पोट्टा, दोघंच असतो. कोणी चाकू किंवा कट्टा दाखवला तर गल्ला देऊन मोकळं व्हावं की प्रतिकार करावा? काउंटरखाली दांडा आणि मिरचीपूड ठेवली आहे.
– एक वाचक, नागपूर

उत्तर : गल्ला द्या. समोरचा वस्तू मागतो आहे तोवर वस्तू देऊन टाकायची. काउंटरमागे जेमतेम अडीच-तीन फुटांचा बोळ असतो. तिथे दांडा उगारला की रॅकला अडतो, आणि चाकूवाला दोन हातांवर उभा असेल तर तुम्ही वाकून दांडा उचलेपर्यंत वार झालेला असतो. पंख्याखाली उडवलेली मिरचीपूड तुमच्याच डोळ्यांत येते. गावठी कट्ट्याचा तर काहीच भरवसा नाही, नुसत्या झटापटीतही गोळी सुटते.

लुटणाराही घाबरलेला असतो, म्हणून त्याला दचकवू नका. दोन्ही हात काउंटरवर, दिसतील असे. आधी बोला, मग हात हलवा : "चावी उजव्या खिशात आहे, काढतो." नोटा काउंटरवरून त्याच्याकडे सरकवा आणि एक पाऊल मागे व्हा. त्याची दाराकडची वाट अडवू नका. 'एवढेच आहेत' वगैरे घासाघीस नको. पोट्ट्याला आजच सांगून ठेवा की त्यानं मागून मर्दुमकी दाखवायची नाही. नेमकं हेच सांगायचं राहून जातं.

हिशेब बदलतो तो माणूस मागितला की. शटर आतून ओढ, मागच्या खोलीत चल, गाडीत बस, हात बांधू दे – असं काही निघालं किंवा पैसे घेऊनही वार सुरू झाले, तर प्रतिकार करा. पण जिंकायला नव्हे, दार गाठायला. स्टूल मध्ये ढकला, घसा फोडून ओरडा, उजेड आणि माणसं असतील तिकडे पळा.

कायदा तुमच्या बाजूनं आहे, पण बेतानं. 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेत कलम 34 ते 44 खासगी बचावाच्या हक्काची आहेत. जबरी चोरीत हा हक्क हल्लेखोराचा जीव जाण्यापर्यंतही पोहोचू शकतो (कलम 41). मात्र बचावाला लागेल तेवढंच बळ वापरायचं. तो पाठ फिरवून पळतोय आणि तुम्ही मागून डोक्यात दांडा घातला, तर आरोपी तुम्हीच व्हाल.

तो गेला की पाठलाग नको. शटर अर्धं ओढून 112 लावा : पहिल्यांदा पत्ता, मग किती जण, कोणतं हत्यार, कुठल्या दिशेला गेले. शर्ट वाटेत बदलता येतो, म्हणून बूट-चपला आणि गाडीचे शेवटचे चार आकडे लक्षात ठेवा. काउंटर पुसू नका, ठसे जातात. मोबाइल नेला असेल तर सिम आणि यूपीआय लगेच बंद करा. खात्यातून पैसे गेलेच तर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 वर फोन करा.

आणि सीसीटीव्हीचा डीव्हीआर, म्हणजे चित्रण साठवणारा डबा, काउंटरवरून हलवा. कॅमेऱ्याबरोबर तोही उचलून नेला तर हाती काहीच उरत नाही. त्याचं घड्याळ एकदा मोबाइलशी ताडून पाहा. दहा-वीस मिनिटं मागे पडलेलं असतं आणि चौकातल्या कॅमेऱ्याशी मेळ बसत नाही. रात्री नऊनंतर ड्रॉवरमध्ये सुट्ट्यांपुरते दोन-तीन हजारच ठेवा, बाकी फट असलेल्या तिजोरीत टाकत राहा, आणि तिची चावी दुकानात ठेवू नका.