ओत्रोसी पाठ करून काम मिळेल का?

तुझा मेल वाचला. लॉच्या तिसऱ्या वर्षाला आहेस, स्पॅनिशची बी-वन, म्हणजे मधली पातळी, झालीये, लीगल ट्रान्सलेशनमध्ये जायचंय आणि प्रॅक्टिसला घेतलेल्या भाडेकराराच्या कागदात ओत्रोसी या स्पॅनिश शब्दापाशी गाडी अडलीये, डिक्शनरीतला 'शिवाय, तसंच' हा अर्थ काही बसेना. वर असंही विचारलंयस की डेले या स्पॅनिशच्या परीक्षेत लिहायच्या पत्रात असे भारी शब्द टाकले तर मार्क वाढतील का.

आधी तेच सांगते, नको टाकूस. रोजच्या स्पॅनिशमध्ये 'शिवाय'ला 'आदेमास' म्हणतात, साध्या पत्रात ओत्रोसी म्हणजे सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी 'सबब' लिहिल्यासारखं. शब्द जुना आहे, स्पेनमधल्या तेराव्या शतकातल्या दहाव्या अल्फोन्सो राजाच्या कायद्यातही सापडतो, पण आता उरलाय तो वकिलांकडेच.

अर्थ बसत नाही कारण तू कागद कुठल्या देशाचा ते बघितलेलंच नाहीस. स्पेनमध्ये अर्जात आधी हकीकत, मग कायदा, मग 'सुप्लिको' म्हणजे मुख्य मागणी, आणि त्याखाली 'ओत्रोसी दिगो' म्हणत जादाच्या मागण्या येतात. चिलीत हे सगळं अर्जाच्या डोक्यावरच दिसतं, तिथे 'सुमा' नावाचा सारांश असतो, 'एन लो प्रिन्सिपाल' अमुक, 'प्रिमेर ओत्रोसी' कागदपत्रं जोडलीत, 'सेगुन्दो ओत्रोसी' वकीलपत्र, असं, आणि जजसुद्धा ऑर्डरमध्ये त्याच क्रमाने एकेकावर निर्णय देतो. कोलंबियात मात्र झालेल्या करारात नंतर केलेला बदल म्हणजेच ओत्रोसी, नंबर १, नंबर २ असे. तुझा कागद भाडेकराराचा, म्हणजे बहुतेक हाच प्रकार, इंग्रजीत सरळ अमेंडमेंट लिही. आणि स्पॅनिशमध्ये टाइप करताना शेवटच्या अक्षरावरची तिरकी रेघ गाळू नकोस, तपासणाऱ्याची नजर तिथेच जाते.

शब्दांच्या याद्या पाठ करण्यात माझ्या मते वेळ जातो फक्त. स्पॅनिश अकादमीचा कायद्याचा कोश ऑनलाइन फुकट आहे, कुठला शब्द कुठल्या देशात चालतो तेही त्यात बघता येतं, तो उघडा ठेव आणि एकच देश, एकच प्रकारचे कागद धरून बस, तुला करार आवडतात तर करारच. सीव्हीत नुसतं 'लीगल स्पॅनिश' लिहू नकोस, कुठल्या देशाचे कुठले कागद वाचता येतात ते लिही. बी-वनवर मात्र अर्ज करायची घाई नको, करारात एका क्रियापदाचा काळ चुकला तरी जबाबदारी फिरते, निदान बी-टू होऊ दे.