कोल्हापुरात केमिकल नसलेला गूळ कसा ओळखायचा?

रंगावर पहिली नजर टाका. एकदम पिवळाधमक, चकचकीत गूळ दिसला की थांबा, कारण रस उकळताना रंग उजळायला बऱ्याच ठिकाणी हायड्रॉस पावडर टाकतात, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट, आणि त्यातलं सल्फर गुळात उरू शकतं. बिनकेमिकलचा गूळ तांबूस ते गडद तपकिरी असतो, जरा मऊ असतो आणि पावसाळ्यात लवकर पाझरतो. पण नुसत्या रंगावर शंभर टक्के खात्री नाही हां, जमीन आणि उसाच्या जातीनंही रंग बदलतो.

त्यापेक्षा सरळ सीझनला, दिवाळीनंतर, करवीर नाहीतर पन्हाळ्याकडच्या एखाद्या गुऱ्हाळावर जावा आणि समोर उभं राहून बघा. उकळत्या रसावरची मळी, म्हणजे घाण, काढायला भेंडीच्या झाडाचा चिकट रस वापरतात का विचारा, ही जुनी पद्धत आहे आणि लै छान काम करते. चुलवाणात काय जळतंय तेपण बघा, उसाची वाळलेली चिपाडंच जळत असतील तर उत्तम, बाहेरचं इंधन लागतच नाही. जाताना घरातला स्टीलचा डबा न्या, काकवीसाठी, म्हणजे पातळ गुळासाठी, काचेची बरणी, म्हणजे प्लास्टिक नको. घरी हवाबंद डब्यात कोरड्या जागी ठेवा.

आणि एक कळकळीनं सांगतो, घरात कुणाला शुगर असेल तर गूळ नैसर्गिक आहे म्हणून मोकळेपणानं देऊ नका, गुळानंही रक्तातली साखर वाढतेच.