प्रत्येक क्लासला इंटरफेस (कोडशिवाय नुसती मेथडच्या नावांची यादी) हवाच का? आणि डीआय (डिपेंडन्सी इंजेक्शन) कंटेनरशिवाय, म्हणजे क्लासना लागणाऱ्या गोष्टी आपोआप बनवून जोडून देणाऱ्या लायब्ररीशिवाय, चालतच नाही का?

नको. आणि चालतं.

महापेच्या माझ्या जुन्या ऑफिसात लीड सरांचा नियम होता, क्लास आला की इंटरफेस आलाच. रेटसर्व्हिस, तर आधी आयरेटसर्व्हिस. इम्प्लिमेंटेशन (त्यामागचा खरा कोड) एकच, जन्मभर एकच. एडिटरमध्ये व्याख्येवर जायला एफ१२ दाबलं की कोड दिसायच्या ऐवजी नुसती मेथडची नावं. मी विचारलं, "सर, दुसरं इम्प्लिमेंटेशन येणार कुठून?" तर म्हणे, "उद्या डेटाबेस बदलला तर?" पाच वर्षं झाली, डेटाबेस तोच आहे. सरच कंपनी बदलून गेले.

क्लायंट ट्रान्सपोर्टवाला. तो भाड्याचे दर बदलायचा, बिलं मात्र जुन्या दराने निघायची. अ‍ॅप पूल (सर्व्हरवर अ‍ॅप चालवणारी प्रोसेस) रीस्टार्ट केला की सगळं बरोबर. तीन आठवडे रोज सकाळी आळीपाळीने रीस्टार्ट, देवाला फूल वाहावं तसं. शेवटी एका रात्री सापडलं (घणसोलीहून ठाण्याची शेवटची गाडी चुकली ती वेगळीच). रेटसर्व्हिस सिंगलटन, म्हणजे अख्ख्या अ‍ॅपला एकच, अ‍ॅप बंद होईपर्यंत जिवंत, आणि तिच्या पोटात डीबीकॉन्टेक्स्ट (डेटाबेसशी बोलणारा ऑब्जेक्ट), जो खरं तर स्कोप्ड, म्हणजे एका रिक्वेस्टपुरता. सिंगलटनने धरून ठेवला म्हणून तोही अमर झाला. ईएफ कोअरने (डॉटनेटची डेटाबेस लायब्ररी, डीबीकॉन्टेक्स्ट तिचाच) एका कॉन्टेक्स्टमध्ये एकदा ट्रॅक केलेलं रेकॉर्ड पुन्हा क्वेरी मारली तरी जुन्याच किमतीसकट हातात येतं. डॉटनेटचा कंटेनर ही चूक पकडतो, पण डीफॉल्टने फक्त डेव्हलपमेंट एन्व्हायर्नमेंटमध्ये. आम्ही सगळ्यांनी कनेक्शन स्ट्रिंगसाठी (डेटाबेसचा पत्ता) लॅपटॉपवर एन्व्हायर्नमेंटचं नाव 'क्यूए' करून ठेवलेलं, म्हणून तो गप्प!

कंटेनरऐवजी अ‍ॅप सुरू होतं त्या स्टार्टअप फाइलमध्ये हाताने 'न्यू' लिहून ऑब्जेक्ट बनवले असते, तर अख्ख्या अ‍ॅपला एकच कॉन्टेक्स्ट जातोय हे डोळ्यांना दिसलं असतं.

क्लासला लागणाऱ्या गोष्टी कन्स्ट्रक्टरमधून (ऑब्जेक्ट बनताना चालणारी मेथड) घ्या. डीआय ते एवढंच, कंटेनर फक्त जोडणीचे कष्ट वाचवतो. इंटरफेस बाहेरच्या जगाशी गाठ पडते तिथे करा: एसएमएस, पेमेंट गेटवे, घड्याळ. टेस्टमध्ये खोटं घड्याळ लावता येतं. बाकी ठिकाणी दुसरं इम्प्लिमेंटेशन खरंच आलं की मग बघू.

हां, शे-दोनशे क्लास असतील तर कंटेनर घ्याच, आणि एएसपी डॉटनेट कोअरमध्ये तो २०१६च्या पहिल्या आवृत्तीपासून आयता मिळतो, तो मुद्दाम टाळू नका. वरची चूक पकडणारी स्कोप तपासणी मात्र सगळ्या एन्व्हायर्नमेंटमध्ये चालू ठेवा.

आणि ती सिंगलटनची ओळ माझीच होती, हेही सांगतो. रिव्ह्यू सरांनी केला होता. त्यांची एकच कॉमेंट होती: "इंटरफेस राहिला."