लिस्बनचं टाइल्सवालं चर्च: अर्धा दिवस द्यावा का?

प्रश्न: ताई, मुलगी लिस्बनला जॉबला असते, मार्चमध्ये आम्ही दोघं तिच्याकडे चाललोय. ती म्हणते एका जुन्या कॉन्व्हेंटमध्ये टाइल्सचं म्युझियम आहे आणि आत सोनेरी चर्च, ते बघाच. ह्यांचं म्हणणं, चर्च तर गोव्यात भरपूर बघून झाली, आणि टाइल्समध्ये काय बघायचं? अर्धा दिवस द्यावा का? आणि एखादी जुनी टाइल आठवण म्हणून आणता येईल का?
- एक वाचक, डोंबिवली

उत्तर: द्याच, आणि घाई न करता द्या. हे माद्रे द देऊशचं कॉन्व्हेंट, राणी लिओनोरने १५०९ मध्ये क्लारा संप्रदायाच्या नन्ससाठी स्थापन केलेलं. पण आज चर्चमध्ये जे दिसतं ते बरंचसं नंतरचं, ऐन बरोक, म्हणजे भपकेदार सजावटीच्या शैलीच्या काळातलं, १७५५ च्या मोठ्या भूकंपानंतर पुन्हा दुरुस्त केलेलं.

गोव्याशी तुलना होणारच, पण जुन्या गोव्यात आपल्याला सोनं दिसतं ते जास्त करून समोरच्या वेदीवर, बाजूच्या भिंती पांढऱ्या. इथे तसं नाही. वर सोन्याचा वर्ख दिलेलं लाकडी कोरीवकाम, त्यात बसवलेली मोठमोठी चित्रं, छतसुद्धा सोडलेलं नाही, आणि खाली भिंतीभर निळ्या-पांढऱ्या टाइल्स, त्याही सतराव्या शतकाच्या शेवटी थेट हॉलंडहून मागवलेल्या. मी गेले तेव्हा आधी वरच बघत राहिले आणि मान दुखायला लागली म्हणून बाकावर बसले, तेव्हा कळलं की तो खालचा थंड निळा आहे म्हणून वरचं सोनं अंगावर येत नाही. म्हणून सांगते, आधी बसा.

मग उठून भिंतीच्या जवळ जा, हात न लावता. झाडाची फांदी एका टाइलवर सुरू होते आणि सांधा ओलांडून पुढच्या टाइलवर जाते, आणि जिथे ब्रश क्षणभर थांबलाय तिथे निळा जास्त गडद उतरलाय. हा रंग कच्च्या पांढऱ्या ग्लेझवर, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा चकचकीत होणाऱ्या लेपावर देतात, ते पावडरीसारखं असल्यामुळे रंग लगेच शोषून घेतं, म्हणजे रेघ चुकली तर पुसायची सोय नाही, आणि खरा निळा दिसतो तो भट्टीतून बाहेर आल्यावरच. हे माहीत असलं की त्या फांदीकडे वेगळ्याच नजरेने बघितलं जातं.

तुमच्या ह्यांना म्युझियममधलं लिस्बनचं लांबलचक चित्र आवर्जून दाखवा. सुमारे २३ मीटर लांब, सगळं टाइल्सवर, १७०० च्या आसपासचं, म्हणजे भूकंपाने पाडलेलं शहर त्यात अजून उभं आहे. मला तिथून हलवेना. आणि हो, वरच्या मजल्यावरचा नन्सचा कॉयर, म्हणजे त्यांची प्रार्थनेला बसायची जागा, चुकवू नका.

जायच्या आधी उघडं आहे ना ते त्यांच्या साइटवर नक्की बघून घ्या, सोमवारी तर बंदच असतं. सांता अपोलोनिया स्टेशनपासून पुढे बसने जा, चालत रस्ता कंटाळवाणा आहे.

जुन्या टाइलचं मात्र मनातून काढून टाका. बाजारात सुट्ट्या जुन्या टाइल्स मिळतात, पण लोकांच्या घरांच्या दर्शनी भिंतींवरून टाइल्स उखडून विकण्याचे प्रकार तिथे इतके झालेत की पोलिसांच्या म्युझियमला २००७ मध्ये त्याविरुद्ध वेगळा प्रकल्प काढावा लागला. आपण घेतलेली कुठून आली कसं कळणार? त्यापेक्षा हाताने रंगवलेली नवीन घ्या, कारागिराला पैसे मिळतील. साधारण १४ सेंटिमीटरची असते, साडीच्या घडीत नीट बसते.