निदान झालंय, आता तपासणीसाठी ठेव मोडायची का?

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. इतर वाचकांसाठी त्यातला मुद्दा थोडक्यात सांगते. ताई सांगलीच्या, निवृत्त शिक्षिका. पेन्शन महिना ३४,००० रुपये, मुदत ठेवी १४ लाखांच्या. यजमान ६४ वर्षांचे. उजवा हात थरथरायचा, पाय घासत चालायचे, म्हणून मिरजेत न्यूरॉलॉजिस्टना दाखवलं. त्यांनी तपासून पार्किन्सन्स असल्याचं सांगितलं आणि लेवोडोपाची गोळी सुरू केली. आठ महिन्यांत चालणं बरंच सुधारलं. न्यू जर्सीतला मुलगा म्हणतो, नुसतं बघून निदान कसं होईल? इकडे त्वचेच्या आणि मणक्यातल्या पाण्याच्या नव्या तपासण्या आल्यात, उन्हाळ्यात या. तिकिटं तो काढणार. तपासण्या आणि डॉक्टर मिळून साडेचार लाख ताईंनी ठेव मोडून द्यायचे.

माझं मत स्पष्ट आहे: या कामासाठी ठेव मोडू नका.

मुलाची काळजी खरी आहे आणि त्याने वाचलेलंही खोटं नाही. पार्किन्सन्समध्ये अल्फा-सिन्युक्लिन नावाचं प्रथिन बिघडून साठतं. ते त्वचेच्या छोट्या तुकड्यात शोधण्याच्या तपासणीवर २०२४ साली 'जामा' या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात अभ्यास आला: पार्किन्सन्सच्या ९२.७ टक्के रुग्णांत ती पॉझिटिव्ह निघाली, निरोगी माणसांत ३.३ टक्क्यांत. मणक्यातल्या पाण्याच्या तपासणीने २०२३ च्या मोठ्या अभ्यासात सुमारे ८८ टक्के रुग्ण ओळखले. संशोधनासाठी ही मोठी झेप आहे. पण त्वचेची तपासणी एमएसए (मल्टिपल सिस्टिम ॲट्रॉफी) आणि लेवी बॉडी डिमेन्शिया (स्मृतिभ्रंशाचा एक प्रकार) या जवळच्या आजारांतही तितकीच पॉझिटिव्ह येते. नेमका कोणता आजार, हे शेवटी डॉक्टरांनाच लक्षणांवरून ठरवावं लागतं.

कुठल्याही महागड्या तपासणीआधी मी एकच प्रश्न विचारते: उत्तर 'हो' आलं तर काय बदलेल, 'नाही' आलं तर काय बदलेल? तुमच्या घरी 'हो' आलं तर तीच गोळी चालू राहील, कारण हा आजार थांबवणारं सिद्ध झालेलं औषध अजून नाही. 'नाही' आलं, तरी गोळीने फरक पडतोय म्हटल्यावर डॉक्टर ती बंद करण्याची शक्यता फार कमी. गोळीला मिळालेला चांगला प्रतिसाद हाच निदानाचा एक भक्कम आधार मानतात, आणि तो तुम्हाला मिळालेला आहे. शिवाय परदेशी जाताना घेतात त्या प्रवासी विम्यात आधीपासूनचे आजार सहसा धरत नाहीत, म्हणजे सगळा खर्च खिशातूनच.

निदानाबद्दल मनात शंका असेल, तर आधी जवळजवळ फुकटची तपासणी करा. गेल्या दोन-तीन वर्षांच्या सगळ्या चिठ्ठ्या एका पिशवीत घालून न्यूरॉलॉजिस्टकडे न्या. चक्करची सिनारिझिन, अर्धशिशीची फ्लुनारिझिन, पित्ताच्या गोळीत मिसळलेलं लेव्होसल्पिराइड, काही मानसिक आजारांवरची औषधं, यांनीही हुबेहूब पार्किन्सन्ससारखी लक्षणं येतात. आपल्याकडे ही औषधं सर्रास दिली जातात आणि महिनोन्‌महिने चालू राहतात. मात्र स्वतःच्या मनाने काही बंद करू नका. मग हवं तर पुण्या-मुंबईत मूव्हमेंट डिसऑर्डरच्या, म्हणजे हालचालींच्या आजारांच्या, तज्ज्ञांचं दुसरं मत घ्या. काही हजारांत ते काम होतं.

मेंदूचे स्कॅनही असतात. ते अगदी निरुपयोगी असं मी म्हणत नाही. गोळीचा गुण आला नसता, किंवा हा नुसता वयाचा कंप आहे की पार्किन्सन्स असा पेच डॉक्टरांनाच पडला असता, तर मेंदूतली डोपामिनची यंत्रणा दाखवणारा ट्रोडॅट स्कॅन किंवा एफ-डोपा पेट स्कॅन इथेच करून घ्या असं मीच सांगितलं असतं. तिथे उत्तराने औषध बदलतं. पैसे तेव्हा सार्थकी लागतात.

आता हे साडेचार लाख कुठे लागणार आहेत ते बघा. घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्टवर महिना ५,००० रुपये खर्च धरला, तर व्याज न धरताही ही रक्कम साडेसात वर्षं पुरते. नियमित व्यायामाने चालणं आणि तोल टिकायला मदत होते, आणि पडून खुब्याचं हाड मोडलं तर काय होतं हे तुम्ही शेजारीपाजारी पाहिलं असेलच. पुढे मदतनीस लागेल, बाथरूममध्ये आधाराचे दांडे लागतील. म्हणून साडेचार लाखांची ठेव वेगळी ठेवा आणि ती याच कामासाठी, असं घरात सगळ्यांना सांगा.

यजमानांची आरोग्य विमा पॉलिसी एक दिवसही खंडित होऊ देऊ नका. पुढे कधी डीबीएस शस्त्रक्रियेची (मेंदूत तारा बसवून विजेचे सौम्य झटके देण्याची) वेळ आली तर खर्च दहा लाखांच्या घरात जाऊ शकतो. विमा नियामकाने ही शस्त्रक्रिया संरक्षणात धरायला सांगितलेली आहे, पण कंपन्या तिच्यावर मर्यादा घालतात. आपल्या पॉलिसीत ती किती आहे, हे लेखी विचारा. नुसत्या तपासणीसाठी दाखल झालात तर मात्र क्लेम मिळत नाही.

एक गोष्ट याच महिन्यात करा. या आजारात अक्षर बारीक होत जातं, सही बदलते, आणि मग बँक चेक परत पाठवते. यजमानांच्या एकट्याच्या नावावरची खाती 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात' पद्धतीची करून घ्या, नॉमिनी तपासा, आणि मृत्युपत्र डॉक्टरांच्या दाखल्यासह आत्ताच करा. मुखत्यारपत्रावर विसंबू नका. माणसाची निर्णयक्षमता गेली की साधं मुखत्यारपत्र कायद्याने संपतं, म्हणजे ऐन गरजेच्या वेळी.

मुलगा स्वतःचीही जनुकीय चाचणी करायचं म्हणतोय, असं तुम्ही शेवटी लिहिलंय. त्याला सांगा, आधी आयुर्विम्याचं ठरव. जनुकीय माहितीवरून होणारा भेदभाव रोखणारा अमेरिकेतला २००८ चा जीना कायदा आरोग्य विमा आणि नोकरीपुरतं संरक्षण देतो. आयुर्विमा आणि दीर्घकालीन देखभालीचा विमा त्यात येत नाही. आणि उन्हाळ्यात तिकिटं काढायचीच असतील, तर त्याने स्वतःची काढावीत आणि बाबांना न्यूरॉलॉजिस्टकडे नेताना सोबत बसावं. त्याच्या मनातले प्रश्न तिथे समोरासमोर विचारता येतील.