हिवाळ्यात खुराड्याला प्लास्टिक गुंडाळून आत बल्ब लावावा का?

प्लास्टिक आजच काढा, बल्बही काढा. ठाण्यात घोडबंदर रोडला तुमच्या बंगल्यामागे पाच गावठी कोंबड्या, चारही बाजूंनी प्लास्टिक आणि आत १०० वॉटचा बल्ब. तुम्हीच लिहिलंय की सकाळी दार उघडलं की डोळे चुरचुरतात आणि दोघीतिघी चोच वासून बसलेल्या असतात. अहो, त्या गारठलेल्या नाहीत, उकडून निघाल्या आहेत. कोंबडीला घाम येत नाही, उकाडा झाला की तिला धापाच टाकाव्या लागतात. डोळ्यांना झोंबतो तो विष्ठेतून सुटणारा अमोनिया. आपल्या नाकाला तो कळतो तोवर कोंबड्यांच्या श्वासनळीला त्याचा त्रास सुरू झालेला असतो.

ज्या व्हिडिओंवरून तुम्ही हे प्लास्टिक आणि बल्ब लावलेत, ते बर्फाच्या मुलखातले. पण तिथलेही जाणते लोक खुराडं असं बंद करत नाहीत. माझी आतेबहीण कॅनडात ओंटारिओला असते, तिने परसात कोंबड्या पाळल्या आहेत. जानेवारीत बाहेर उणे वीस, पण तिच्या खुराड्यात हीटर नाही. उलट छपराखाली, कोंबड्यांच्या डोक्यापेक्षा उंच, दोन झरोके कायम उघडे असतात. कोंबडीच्या अंगाचं तापमान ४१ अंशांच्या आसपास. पिसं फुलवली की त्यांत हवा अडकते आणि गोधडीत शिरल्यासारखी ती निवांत रात्र काढते. अट एकच, पिसं कोरडी हवीत. रात्रभरात श्वासातून आणि विष्ठेतून बरीच वाफ निघते. तिला वर जायला वाट नसली की ती तुऱ्यावर बसते, गोठते आणि तुऱ्याची टोकं काळी पडतात. तितकीच थंडी कोरडी असेल तर तुरा बहुधा शाबूत राहतो. लेगहॉर्नसारख्या मोठ्या तुऱ्याच्या कोंबड्यांना हा त्रास जास्त, म्हणून तिकडे डोक्यालगत बुटका तुरा असलेल्या ब्रह्मा किंवा वायन्डॉट जाती पसंत करतात. बसायला बारीक दांडा न देता रुंद फळी देतात, म्हणजे पायाची बोटं पोटाच्या पिसांखाली झाकली जातात. पाणी गोठतं, ते दिवसातून दोनतीनदा बदलायचं. ताज्या बर्फावर पाऊल टाकायला बहुतेक कोंबड्या तयारच नसतात, मग फावड्याने वाट मोकळी करून तिच्यावर पेंढा पसरायचा. आणि उबेचा दिवा? कोरड्या पेंढ्यावर पडला की खुराडं पेटतं, असे प्रकार तिकडे होतात.

आता आपलं ठाणं. इथली थंडी म्हणजे पहाटे पंधरा-सोळा अंश, एखाद्या वर्षी थोडं खाली. येऊरच्या बाजूला जरा जास्त गार, एवढंच. आपण तलावपाळीला मफलर गुंडाळून फिरतो म्हणून कोंबडीलाही हुडहुडी भरते असं नाही. मोठ्या कोंबडीला वर्षातले हे सगळ्यात सुखाचे दिवस. पहाटेचा वारा थेट त्यांच्या बसण्याच्या उंचीवर लागत असेल तर त्या बाजूला गोणपाट बांधा आणि वरचा वीतभर भाग मोकळा सोडा. संध्याकाळी मूठभर मक्याचा भरडा टाका. बस्स.

हिवाळ्यात अंडी कमी झाली तर ते थंडीच्या माथी मारू नका. भरपूर अंड्यांसाठी कोंबडीला दिवसाला १४ ते १६ तास उजेड लागतो आणि डिसेंबरात आपल्याकडे दिवस जेमतेम ११ तासांचा असतो. त्यात पिसं झडायचा काळ आला की खाल्लेलं सगळं नव्या पिसांना जातं. पहाटे छोटा एलईडी लावून दिवस लांबवता येतो, पण घरच्या पाच कोंबड्यांसाठी मी तो खटाटोप करणार नाही. त्यांनाही सुट्टी असू द्या.

बर्फवाल्यांकडून उचलायची गोष्ट म्हणजे कोरडेपणा, आणि तिची खरी गरज आपल्याला जुलैत पडते. आमच्या ऐरोलीच्या गावठाणात कोंबड्या थंडीने मेल्याचं मी कधी ऐकलं नाही. पावसाळ्यात मात्र दरवर्षी कोणाची ना कोणाची हगवणीने जाते. खुराड्यात खाली पसरलेल्या तुसाच्या ओल्या गादीत रक्ती हगवणीचे जंतू झपाट्याने वाढतात. तेव्हा खुराडं जमिनीपासून दीडदोन फूट उचललेलं हवं आणि पत्रा चांगला पुढे काढलेला. खाली भाताच्या तुसाची तीनचार इंच गादी घाला आणि रोज खालीवर करा. मूठभर तूस दाबून बघायचं. मूठ उघडल्यावर मोकळं झालं तर ठीक, गोळा तसाच राहिला तर ओल आहे. मग तेवढा भाग काढून नवं तूस घालायचं. पाण्याचं भांडं कोंबडीच्या पाठीच्या उंचीला टांगलं की निम्मी सांडलवंड तिथेच थांबते. मक्याला बुरशीचा वास आला तर तो सरळ फेका. धुऊन, वाळवून घालू नका, बुरशीचं विष धुतल्याने जात नाही.

हिवाळ्यात माझं लक्ष असतं बर्ड फ्लूकडे. २०२२च्या फेब्रुवारीत आपल्याच जिल्ह्यात, शहापूर तालुक्यात, तो निघाला होता. स्थलांतरित पाणपक्ष्यांकडून तो येऊ शकतो आणि ठाण्याची खाडी त्यांनी या दिवसांत भरलेली असते. दाणा-पाणी आडोशाला ठेवा, कावळे-कबुतरं त्यात चोच घालणार नाहीत असं बघा. एकदम दोनचार कोंबड्या गेल्या तर गुपचूप पुरून टाकू नका, हातही लावू नका. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

उबेची गरज असते ती पिल्लांना. पहिल्या आठवड्यात त्यांच्या पातळीला ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत न्यायची. थर्मामीटरपेक्षा पिल्लंच चांगलं सांगतात: बल्बखाली एकमेकांवर चढली तर ऊब कमी, कडेला पळून पंख पसरले तर जास्त. खुडूक कोंबडीनेच उबवलेली असतील तर यातलं काही करावं लागत नाही. रात्री तिला पिल्लांसकट डालग्याखाली ठेवा, वर जड दगड ठेवा, आणि उंदीर-घुशींची बिळं आधी बुजवून घ्या.