विमान कोसळले, उलटले की कलंडले?

नागपूरच्या एका वाचकांनी पुढील प्रश्न विचारला आहे. हवाई दलातून निवृत्त झालेल्या वडिलांच्या आठवणी ते मराठीत लिहून काढत आहेत. वडील शिकाऊ वैमानिक असताना त्यांचे हार्वर्ड विमान जमिनीला टेकल्यावर धावपट्टीवर गर्रकन फिरले, डावा पंख घासला गेला आणि प्रोपेलरची पाती वाकली. वडील याला 'ग्राउंड लूप' म्हणत. मराठीत 'विमान कोसळले' लिहावे की 'दुर्घटनाग्रस्त झाले'?

माझ्या मते दोन्ही टाळावेत. कोसळणे म्हणजे आधार किंवा तोल सुटून उंचावरून खाली येणे. दरड कोसळते, भिंत कोसळते. येथे विमान आधीच जमिनीवर होते. 'दुर्घटनाग्रस्त' हा शब्द हिंदी बातम्यांतून आला आहे, आणि नागपुरात दोन्ही भाषा शेजारी नांदत असल्याने तो सहज लेखणीत उतरतो. परंतु हिंदीत कोणत्याही अपघाताला दुर्घटना म्हणतात, तर मराठी वाचकाच्या मनात त्या शब्दाबरोबर जीवितहानीची शंका येते. वडील सुखरूप बाहेर आले असतील, तर साधा 'अपघात' पुरेसा आहे.

नेमके क्रियापद निवडण्यासाठी काय घडते हे पाहावे लागते. हार्वर्डची दोन मुख्य चाके पुढे आणि एक लहान चाक शेपटीखाली असते, त्यामुळे विमानाचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे राहतो. आडव्या वाऱ्याने किंवा पायाच्या चुकीच्या दाबाने नाक जरासे वळले, की मागचे वजन पुढे जाऊ पाहते आणि वळण आपोआप वाढत जाते. ट्रॅक्टरने ट्रॉली मागे ढकलताना ती एकदा वाकडी झाली की वाकडीच होत जाते, तसे हे आहे. हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या एचटी-२ या प्रशिक्षण विमानाची चाकांची रचनाही अशीच होती. २०१३पासून हवाई दलात आलेल्या पिलाटस पीसी-७ मार्क-२ला मात्र नाकाखाली चाक असून गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या पुढे असतो, म्हणून ते विमान स्वतःहून सरळ होऊ पाहते.

तेव्हा 'विमानाने धावपट्टीवर गिरकी घेतली आणि ते डाव्या पंखावर कलंडले' असे लिहावे, असे मी सुचवेन. 'धावपट्टीवर' हा शब्द गाळू नये, कारण विमान हवेतही गिरकी घेते आणि तो प्रकार अगदी वेगळा, अधिक जीवघेणा असतो. 'उलटले' हेही येथे बसत नाही: कलंडणे म्हणजे एका बाजूला झुकून पडणे, उलटणे म्हणजे पाठीवर होणे. प्रोपेलरला 'पंखा' म्हणण्याचा मोह आवरावा. 'पंखाचे टोक' आणि 'पंख्याचे टोक' यांत एका जोडाक्षराचाच फरक उरतो, आणि अपघाताच्या वर्णनात विमानाचा कोणता भाग मोडला याविषयी संदिग्धता चालत नाही.

याच वाचकांनी पुढे असेही विचारले आहे की, दुसऱ्या एका शिकाऊ वैमानिकाचे विमान चाकांशिवाय उतरले, त्याबद्दल 'चाके उघडली नाहीत' हे वाक्य योग्य आहे का? व्याकरणाच्या दृष्टीने ते शुद्ध आहे, पण मला ते धोक्याचे वाटते. मराठीत 'उघडणे' हे क्रियापद सकर्मकही आहे आणि अकर्मकही. त्यामुळे यंत्रणा अडकली की वैमानिक विसरला, हे या वाक्यातून कळत नाही. चौकशीत सर्वांत आधी विचारला जाणारा प्रश्न नेमका हाच असतो, आणि तरुण वैमानिकाचे पुढचे प्रशिक्षणही त्याच्या उत्तरावर अवलंबून असू शकते. यंत्रणेचा दोष असेल तर 'कळ दाबूनही चाके बाहेर आली नाहीत' असे लिहावे. विसर पडला असेल तर 'चाके बाहेर काढायची राहून गेली' असे लिहावे. दोन्ही प्रसंगी विमान 'पोटावर उतरले' हा शब्दप्रयोग मात्र निःशंक वापरता येईल.